शेपटीची खात्री

लग्न होऊन कडावात आल्यापासून मामीनं भीमाशंकरचं रान रोज पाहिलं होतं, पण लांबून. गोठ्याच्या मागच्या दारात उभं राहिलं की पूर्वेला डोंगराची निळी भिंत दिसते. अभयारण्य तिच्या माथ्यावर आहे. मामा दर वर्षी महाशिवरात्रीला आणि श्रावणात खांडसच्या वाटेनं पायी वर जायचा. मामी कधीच गेली नाही. घरात म्हैस होती आणि मामीखेरीज कुणीही हात लावला की ती पान्हा चोरायची. म्हशी बदलत गेल्या, हे बदललं नाही.

मामा वरून अंगारा आणायचा आणि त्याबरोबर शेकरू. म्हणजे शेकरूची गोष्ट. मांजराएवढी खार, तांबूस अंग, शेपूट अंगापेक्षा लांब. या झाडावरून उडी मारली की थेट पलीकडच्या झाडावर. मामी चुलीपुढून म्हणायची, "आनि तिथनं इमानात बसून मुंबईला." मामा थापाड्या आहे, हे गावात सर्वमान्य होतं. एकदा बिबट्यानं आपल्याला वाट दिली आणि बाजूला उभा राहिला, असं तो सांगे. पावसाळ्यात रात्री वरची झाडं उजेड देतात, असंही सांगे. शेकरू त्यातच जमा झालं.

शेवटच्या आजारात तो मामीला म्हणाला, "बरा झालो की तुला नेतो. डोळ्यांनी बघ, मग बोल."

"नि म्हशीला कोण बघंल?" मामी म्हणाली.

तो बरा झाला नाही. वर्षश्राद्ध उरकलं आणि मामीचा मला फोन आला. "मला ते शेकरू बघायचंय गं. हाय का नाय, एवढंच."

शेकरू आहे, राज्याचा प्राणीच आहे, असं मी सांगितलं. व्हिडिओ पाठवला. तो पाहून ती म्हणाली, "मोबाईलात काय बाय, मान्सं पन उडतात."

भात झोडून कणगीत पडलं तेव्हा निघायचं ठरलं. मुक्काम धरून दोन दिवस लागणार होते. माझा मामेभाऊ खोपोलीच्या कारखान्यात पाळीवर जातो. त्यानं रजा काढली. मामीनं त्याच्या हातात स्वतःचं न धुतलेलं जुनं लुगडं ठेवलं. आमच्याकडे बायको माहेरी गेली की पुरुष तिचं लुगडं गुंडाळून धारेला बसतात. म्हशीला वास ओळखीचा लागतो, ती फसते. भाऊ लुगड्याकडे बघत राहिला.

"आई, मी सुपरवायझर आहे."

"म्हशीला सांग ते," मामी म्हणाली.

सकाळची धार काढून आम्ही दोघी खांडसला पोचलो. मामी डोंगर चढली ती शेताच्या बांधावरून चालल्यासारखी. दर वळणावर थांबले ती मी. अर्ध्या वाटेच्या सपाटीवर एक ठाकरवाडी आहे. तिथं मामा पाणी प्यायला थांबायचा, त्या घरातला म्हातारा आमच्याबरोबर निघाला. माथ्याजवळ अभयारण्याची पाटी लागली, तिच्यावर शेकरूचं रंगीत चित्र होतं. मामीनं ते नीट बघितलं आणि म्हणाली, "चित्र काय, कुनीपन काढंल."

रानात शिरताच ऊन संपलं. झाडांच्या खोडांवर वाळलेलं शेवाळ होतं. म्हाताऱ्यानं वर बोट दाखवलं. अगदी बारीक फांद्यांच्या टोकाशी काटक्यापानांचा मोठा गोळा होता.

"कावळ्याचं हाय," मामी म्हणाली.

"शेकरूचं. आता गप बसाया लागंल."

गप बसणं हेच अवघड होतं. मामीचा आवाज चार शेतांपलीकडच्या माणसाला हाक मारून तयार झालेला. ती पदर तोंडाला लावून बसली. शेंड्यांवरचं ऊन तिरपं होत गेलं. काहीच हललं नाही. मधेच मामी कुजबुजली. ती कुजबुज मला वाटतं खांडसला ऐकू गेली असेल.

"तुमच्या मालकाला पन गप बसता यायचं नाय," म्हातारा म्हणाला.

"मग त्यांला कसं दिसलं?"

म्हाताऱ्यानं खांदे उडवले. मामीचा चेहरा उतरला. दुसऱ्या दिवशी उतरायचं होतं आणि थापाड्या थापाड्याच राहणार होता.

तेवढ्यात तिच्या पिशवीतला फोन वाजला. कड्याच्या बाजूनं तिथं रेंज येते. मामी फोन नेहमीच स्पीकरवर लावते.

"आई, लाथ मारली मला."

"लुगडं नेसलास काय?"

"खांद्यावर घेतलंय."

"खांद्यावर घेऊन काय व्हतंय रं! नीट नेस! पदर घे डोक्यावरनं!"

"अगं, शेजारचे बघतायत."

"बघू दे! धार काढायचीय का लाजायचंय?"

सगळं रान दणाणलं. आणि आमच्या डोक्यावर कुणीतरी खुळखुळा जोरजोरात हलवावा तसा आवाज झाला. इतका वेळ फांदीला चिकटून पडलेलं शेकरू उठलं होतं आणि रागानं ओरडत होतं. तांबूस पाठ, फिकट पोट. मग ते धावलं, फांदी संपली तरी धावलं, आणि हवेत लांब झालं. शेपूट मागं सरळ. पलीकडच्या झाडाची फांदी वाकली, पुन्हा वर आली.

मामी फोन हातात धरून वर बघत उभी होती.

"आई? पदर घेतला. आता काय करू?"

तिनं डोक्यावरचा पदर मागं सारून मान आणखी वर केली.

"आई?"

"तुझा बाप खरं बोलत व्हता रं."

"कशाबद्दल?"

"शेपटीबद्दल," मामी म्हणाली. मग म्हणाली, "मांजराएवढं नाय. मोठं हाय. कमीच सांगितलं त्यांनी."

म्हाताऱ्याच्या घरी मुक्काम करून दुसऱ्या दिवशी आम्ही कडावला उतरलो. म्हशीनं दोन्ही वेळा निम्मंच दूध दिलं होतं. मामेभावाच्या मांडीवर खुराचा वळ होता. मामी हातपाय धुऊन लगेच धारेला बसली. मी दारात उभी राहिले. डोंगर नेहमीच्या जागी निळा दिसत होता.

"त्या झाडांच्या उजेडाचं कसं गं?" तिनं मान न वळवता विचारलं.

पावसाळ्यात कुजलेल्या लाकडावर एक बुरशी येते, ती अंधारात चमकते, असं मी सांगितलं. तेही खरं आहे.

बराच वेळ चरवीत दुधाच्या धारेचा आवाज येत राहिला.

"नि बिबट्या?"

"त्याचं मला माहीत नाही."

"ती थापच हाय," मामी म्हणाली. एवढं तरी तिला आपल्याकडे ठेवायचं होतं.

चरवी भरली. भावानं दोरीवर टाकलेलं जुनं लुगडं तिनं काढलं, घडी केली आणि कपाटात न नेता गोठ्यातल्या खुंटीला अडकवलं. मग आतल्या खोलीकडे तोंड करून लेकाला हाक मारली. ती बहुधा डोंगरावरही पोचली असेल.

"पावसाच्या आत नीट नेसायला शिक रं!"