सासूबाईंचं बटण

पंपांच्या जळलेल्या मोटारींना नवी तार गुंडाळण्यात, म्हणजे वाइंडिंग करण्यात हयात गेली, म्हणून सगळी आळी तिला वाइंडिंगबाई म्हणायची. दुकान बंद केल्यावर स्वस्थ बसणं तिच्या रक्तातच नव्हतं. तिने मागच्या खोलीत क्रिप्टोची नाणी मिळवणारी यंत्रं मांडली. ती यंत्रं दिवसरात्र आकडेमोड करायची, भट्टीसारखी तापायची आणि मधूनच रुसून गप्प व्हायची. रुसव्यावर औषध एकच: वीज तोडायची, जरा दम खाऊ द्यायचा, पुन्हा जोडायची.

त्यासाठी दर वेळी कोण उठणार? तिने फोनवरून चालू-बंद होणारी सॉकेटं बसवली आणि फोनमध्ये त्यांना नावं दिली: थोरली जाऊ, धाकटी जाऊ, नणंद. इंटरनेटच्या डब्याचं सॉकेट म्हणजे सासूबाई, कारण त्यांच्यावाचून घरात पानही हलत नाही.

मग तिच्या खुब्याचं ऑपरेशन झालं आणि लेक तिला आपल्या शहरात घेऊन आली.

"आई, ती यंत्रं विकून टाक. बाबा काही बघणार नाहीत."

ते खरंच होतं. तरुणपणी बल्ब बदलताना शॉक बसल्यापासून बाबा भिंतीवरच्या बटणापलीकडे कशालाही हात लावत नसत.

"त्यांना कशाला त्रास? मी इथून सांभाळते."

"एकदा जरी बाबांना त्या खोलीत जावं लागलं, तरी विकायची. कबूल?"

"कबूल."

यंत्रं गेली तर आपण नुसती एक दुखणाईत म्हातारी उरू, हे तिला पक्कं ठाऊक होतं, आणि ते तिला मुळीच मंजूर नव्हतं.

पलंगावरून कारभार झकास चालला. लेकीची भाजी निवडून होईपर्यंत ही नणंदेला झोपवून उठवायचीसुद्धा. हात इतका बसला, की ती नावं वाचेनाशी झाली. तिथेच घात झाला. एका दुपारी नणंद अडली, हिने सवयीने बटण दाबलं आणि सासूबाईच गेल्या. पाठोपाठ सगळी सॉकेटं फोनवर करडी पडली. निरोप पोचवणारा डबाच बंद, मग त्याला उठवायचा निरोप कोण पोचवणार?

लेकीने तिचा चेहरा बघूनच ओळखलं. "बाबांना फोन तू करतेस की मी?"

"थांब जरा."

नवऱ्याच्या नंबरावर तिचं बोट घुटमळलं. तेवढ्यात सासूबाई जाग्या झाल्या आणि मागोमाग सगळं गोत.

तिने स्पीकरवर फोन लावला. "अहो, खोलीत गेला होतात?"

"गेलो की. तुझं नेहमी दोनदा टक होतं, एक बंद, एक चालू. आज दुसरं आलंच नाही. म्हटलं, काहीतरी बिनसलं. रबरी चपला घातल्या आणि दिवा विझलेल्या डब्याच्या सॉकेटवरचं बटण दाबलं."

"इतक्या आतलं टक तुम्हाला ऐकू आलं?"

"त्या खोलीच्या दाराशीच तर बसतो हल्ली, पेपर घेऊन. टक झालं की कळतं, तू ठीक आहेस."

डोळे पुसून ती लेकीला म्हणाली, "हरले मी. पण विकणार नाही. माझी खुशाली त्यांना कोण कळवणार?"

लेकीने पाण्याचा पेला आईच्या हाती दिला.

"अगं, एक अजून गप्पच आहे," फोनमधून आवाज आला. "तिलाही मीच उठवू?"

"हात लावू नका. ती माझी."

या वेळी तिने नाव नीट वाचलं, मग दाबलं. स्पीकरमधून टक ऐकू आलं, थोड्या वेळाने दुसरं.

"पोचलं," ते म्हणाले.