कावळा साहेब आमच्या भावकीत

मला इंग्रजी वाचता येत न्हाई. मराठी येतं, पण ते बी पहिल्या गिअरवर घाट चढल्यासारखं. चौथीत दोनदा बसलो, तिसऱ्यांदा बसलो तर बाकच मोडला. मास्तर म्हणले, "जा बाबा, निदान बाकांचा तरी जीव वाचंल." तवापासून मी गाड्या चालवतो.

सध्या चाकणच्या एका कारखान्याचे पाहुणे ने-आण करतो. तिथं नवी प्रेस मशीन बसवायला चेक देशातनं चार जण आलते. कुणाला कुठनं उचलायचं त्याची यादी ऑफिसातनं मोबाईलवर यायची, सगळी इंग्रजीत. पहिल्याच दिवशी ज्याची मिटिंग होती त्याला मी हॉटेलात सोडलं, आन् रात्रभर विमानात जागून आलेल्याला मिटिंगला नेऊन बसवलं. हॉटेलात गेलेला खूश होता. त्यानं तक्रार केली न्हाई, म्हणून माझं काम राहिलं.

दुसऱ्या दिवशी त्यांच्यातल्या थोरल्यानं माझी ड्युटी स्लिप घेतली आन् पेनानं चार चित्रं काढली. कोंबडा, कबुतर, घुबड आन् कावळा. मला वाटलं, ह्यानं मला बालवाडीत घातलं. मग तो चित्रावर बोट ठेवायचा आन् त्या माणसाकडं दाखवायचा. तेव्हा कळलं, ही त्यांची आडनावंच हायेत! कोहोउट म्हंजे कोंबडा. होलुब म्हंजे कबुतर. सोवा म्हंजे घुबड, पण त्यांच्यातली घुबड बाई होती, म्हणून तिच्या आडनावाला मागं शेपूट, सोवोवा. आन् हा थोरला स्वतः व्राना, म्हंजे कावळा.

त्या दिवसापासून माझी एक बी फेरी चुकली न्हाई. मोबाईलमध्ये नंबरांना पक्षी लावले. कोंबड्याचा फोन आला की कोंबडा दिसायचा.

पण देवानं आडनावं वाटताना डोळे मिटलेले असणार. कोंबडा साहेबाला सकाळी उठवायला मला तीनदा हॉर्न मारावा लागायचा. कबुतर साहेबाला उंचीची भीती. मशीनच्या शिडीवर तिसऱ्या पायरीला थांबायचा आन् वरच्याला खालनंच सूचना द्यायचा. घुबड मॅडमला दिवसाढवळ्या सगळ्यात जास्त दिसायचं. माझ्या सीटबेल्टचं बक्कल खोटं हाय, हे तिनं पहिल्या मिनिटाला ओळखलं.

तिला एकदा मी बोलून गेलो, की आमच्याकडं सकाळी सकाळी घुबड दिसणं चांगलं न्हाई. तिचं तोंड उतरलं. मी लगेच सावरलं, "न्हाई मॅडम, लक्ष्मीचं वाहन! देवी घुबडावर बसून फिरती!"

ती म्हणाली, "म्हणजे देवीचा ड्रायव्हर मी. मग तू आणि मी एकाच युनियनचे."

हे सगळं बोलणं कसं व्हायचं, तर मोबाईलवर. ते त्यांच्या भाषेत बोलायचे आन् मोबाईलमधली बाई मराठीत सांगायची. ती बाई इतकं शुद्ध बोलायची, की मी नकळत सीटवर सरळ बसायचो.

चाकण चौकात एकदा गाडी अडकली की अर्धा तास निवांत. तिथं कावळा साहेबानं मला सांगितलं, की त्यांच्याकडं असली आडनावं ढिगानं. पोलंडवाल्यांत चिमणीची, रशियावाल्यांत ससाण्याची. कुणाचा खापरपणजोबा चांगला गायचा म्हणून तो कोकीळ, कुणाचं नाक मोठं म्हणून तो करकोचा. मी म्हणलं, साहेब, मग आमच्यात या की! मोरे हायेत, घारे हायेत, साळुंखे, राजहंस, कोंबडे. आन् छाती पुढं काढून म्हणलं, "आन् माझं आडनाव, तुमचंच. कावळा."

त्यानं गाडीत हात मिळवला. मग विचारलं, शाळेत त्रास झाला का?

मी म्हणलं, शाळेत कमी, दहाव्याला जास्त. आमच्याकडं माणूस गेला की दहाव्या दिवशी पिंड ठेवत्यात आन् कावळा शिवायची वाट बघत्यात. मी घाटावर दिसलो की माणसं ओरडायची, "आला रं आला! सरका, शिवू द्या त्याला!" एकदा तर भटजीनंच मला पुढं बोलावलं.

कावळा साहेब एवढा हसला, की बाजूचा टेम्पोवाला वाकून बघायला लागला. मग बाई मोबाईलमधनं म्हणाली, "माझ्या शाळेतही मुले मला पाहून काव काव करीत असत. मी तेव्हा रडत असे."

मला काय झालं ठाऊक न्हाई, पण माझ्या डोक्यात एकदम लख्ख उजेड पडला. आडनाव एक. काव काव एक. मग हा भावकीतलाच की!

आन् मला त्या वेळी भावकीतला माणूस पाहिजेच होता. लई पाहिजे होता.

माझ्या पोरीचं लग्न ठरत होतं. पोरगी ताथवड्याच्या कॉलेजात लॅबमध्ये कामाला हाय, पोरगा भोसरीत सीएनसी मशीनवर. दोघांचं आधीच जमलेलं, आमाला कळवायला म्हणून घरी आले. पोरगं सरळ. त्याचे वडील बी सरळ. अडचण होती त्याच्या थोरल्या चुलत्याची. जुना पैलवान, कासारवाडीत त्यांच्या घरात त्यांचाच शब्द. ते म्हणले, "सुपारी फोडू, पण तुमची भावकी बसलेली पाहिजे. ज्याच्या दारात त्याची भावकी येत न्हाई, त्याच्यात कायतरी खोट असती."

आमची भावकी आमच्या चिखलीतच, दोन गल्ल्या सोडून. पण एक बी माणूस माझ्या दारात पाय ठेवत नव्हता, आन् चूक माझीच. मला थट्टा आवरत न्हाई. चुलत भावाच्या पोराच्या लग्नात माईक माझ्या हातात होता. चुलत भावानं नवा टोप घातलेला, केसांचा. मी माईकवरनं म्हणलं, "वरपित्यानं डोकं सांभाळावं, मांडवातले मोठे पंखे चालू होत हायेत." पाचशे माणूस हसलं. चुलत भाऊ सोडून. आन् बाकीच्या भावकीचा बी माझ्याकडं एकेक जुना हिशेब होताच, सगळे त्याच्या बाजूला गेले. दोन वर्षं झाली.

बायको म्हणली, "जावा, पाया पडा त्यांच्या."

मी म्हणलं, "कशाला? दुसरा भाऊबंद घावलाय."

"कोण?"

"परदेशातली शाखा हाय आपली."

ती पोळपाटावरनं माझ्याकडं बघत राहिली. "तुमच्या डोक्यात खरंच कावळ्यानं घरटं केलंय," म्हणली.

साहेबाला रविवारी हॉटेलात कंटाळाच यायचा. यायला एका पायावर तयार. त्यानं फक्त विचारलं, भाऊबंदानं तिथं काय करायचं असतं?

मी म्हणलं, "जेवणाला नावं ठेवायची. बाकी गप्प बसायचं."

त्यानं वहीत लिहून घेतलं.

रविवारी कासारवाडीची मंडळी पोरासकट आली. चुलते मधल्या खुर्चीत बसले, खुर्चीनं आवाज केला. त्यांच्यासमोर कावळा साहेब, डोक्याला मी बांधलेला फेटा, गोरा नुसता टोमॅटो झालेला. चुलत्यांनी त्याला खालनं वर बघितलं.

"हे कोण?"

"आमचे भाऊबंद. आडनाव एकच."

"रंगात लई फरक पडला?"

"तिकडं थंडी असती," मी म्हणलं.

पोराच्या वडिलांनी तोंडावर रुमाल धरला. चुलते काय हसले न्हाईत. म्हणले, "बरं. आधी जेवू."

जेवण म्हंजे मटण, भाकरी, इंद्रायणीचा भात. साहेबानं एक वाटी रस्सा पिला. घाम फुटला, नाक गळायला लागलं, तरी दुसरी घेतली. तिसरी घेतली. मी खालनं त्याच्या पायाला पाय लावला, बाबा, नावं ठेव! त्यानं पाय बाजूला घेतला, जागा करून दिली, आन् मोबाईल तोंडाशी धरला. बाई सगळ्या पंगतीला ऐकू जाईल अशी म्हणाली, "हा रस्सा अत्यंत रुचकर आहे. मला पुन्हा वाढण्यात यावा."

चुलत्यांचा घास हातात थांबला.

"काय ओ पाव्हणं," त्यांनी साहेबालाच विचारलं, मोठ्यानं, म्हंजे मोठ्यानं बोललं की परदेशी माणसाला कळतं म्हणून. "आमचा व्याही माणूस म्हणून कसा हाय?"

साहेबानं मोबाईलवर ऐकलं. विचार केला. खरं बोलायची सवय असलेला माणूस, त्याला कोण आवरणार? बाई सुरू झाली, "हा मनुष्य मला अकरा दिवसांपासून नेत आहे. तो एकदाही उशिरा आलेला नाही. तो प्रामाणिक आहे. त्याचे विनोद मला समजत नाहीत, परंतु तो स्वतः खूप हसतो, म्हणून मीही हसतो."

मला वाटलं, जिंकलं. असलं शुद्ध कौतुक माझं कुणी जन्मात केलं नव्हतं.

चुलत्यांनी हात धुतला, मिशीवरनं फिरवला आन् म्हणले, "बास. हा तुमच्या भावकीतला न्हाई."

"का ओ?"

"रस्सा चांगला म्हणला. वर तुमाला प्रामाणिक म्हणला. भावकीतला माणूस असं बोलतो व्हय? मी सत्तर वर्षात ऐकलं न्हाई!" आता मात्र त्यांची मिशी हलत होती, पण आवाज तसाच. "पाव्हणा चांगला हाय, बसू द्या. पण मला तुमच्या घरातला, तुमाला शिव्या देणारा माणूस पाहिजे. समोर बसून काय हाय ते सगळं सांगणारा. तो आणा, मग सुपारी. न्हाईतर आज आमी उठतो."

मी पोरीकडं बघितलं. ती दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. एरवी माझ्या थट्टेला पहिली हसणारी तीच. आज हसली न्हाई.

"पप्पा, जाऊन या," एवढंच म्हणली. "आणि तिथं तरी काही बोलू नका."

मी चपला घातल्या. साहेब बी फेट्यासकट मागं आला. बाई म्हणाली, "माझ्यामुळे हे घडले. मी सोबत येतो."

चुलत भावानं दार उघडलं तेव्हा तो घरच्या वेशात होता. बनियन, लुंगी, आन् डोक्यावर काय न्हाई. ऊन दारातनं आत आलं आन् थेट त्याच्या टकलावर पडलं. एवढं चमकलं, की साहेबानं डोळ्यावर हात धरला. खरं सांगतो, त्या क्षणाला माझ्या जिभेच्या टोकावर तीन थट्टा उभ्या होत्या. एकीपेक्षा एक सरस. माझ्या गळ्यात गुदगुल्या व्हायला लागल्या. मी तोंड दाबलं, ठसका लागला, डोळ्यात पाणी आलं.

चुलत भावाला वाटलं, मी रडतोय.

"काय झालं रं?" तो घाबरूनच म्हणला. "कोण गेलं?"

"कुणी न्हाई. पोरीची सुपारी हाय. पाव्हणं बसल्यात. तू आल्याशिवाय फोडत न्हाईत." मग श्वास घेऊन म्हणलं, "त्या दिवशी माईकवर मी चुकलो. तुझ्या घरच्या कार्यात तुझं हसं केलं."

त्यानं बराच वेळ माझ्याकडं बघितलं. पुढनं थट्टा यायची वाट बघत असणार. आली न्हाई. मग त्याची नजर साहेबाकडं गेली.

"हा कोण?"

"आपल्याच आडनावाचा. भावकीतला म्हणून बसवला होता."

"अस्सं," तो म्हणला, आन् आता खरा भडकला. "सातासमुद्रापलीकडनं भाऊ आणलास, आन् दोन गल्ल्यांवरचा दिसंना व्हय रं तुला? फेटा बी बांधलास त्याला! कसा बांधलाय बघ, घोंगडं गुंडाळल्यासारखा." त्यानं साहेबाला जवळ ओढलं, सगळा फेटा सोडला आन् दारातच नीट बांधला. मग आत जाऊन टोप घालून, पांढरा सदरा चढवून बाहेर आला.

माझ्या घरात शिरल्या शिरल्या त्यानं रश्शात बोट बुडवून चाटलं. "मीठ जास्त हाय," म्हणला.

चुलते खुर्चीत सरसावून बसले.

मग जे सुरू झालं ते पाऊण तास चाललं. मी चौथीत दोनदा बसलो ते. मास्तरांच्या सायकलला बैल बांधला ते. बायकोला बघायला गेलो आन् चुकून शेजारच्या घरात पोहे खाऊन आलो ते. गाडी धुवायला नदीत घातली आन् गाडी सोडून फक्त मीच बाहेर आलो ते. मी मान खाली घालून बसलो होतो, कारण सगळं खरं होतं. बायको मधनंच विसरलेलं आठवण करून देत होती. चुलते मांडीवर थाप मारत होते, "आन् पुढं? आन् पुढं?"

शेवटी चुलत भाऊ दमला. पाणी पिला. भांडं खाली ठेवलं.

"तर हा असा हाय," तो म्हणला. "ह्याच्याकडं बघून सोयरीक करू नका. पण पोरगी आमची हाय. आमच्या डोळ्यासमोर वाढल्या. तिला कुणी एक शब्द वावगा बोललं, तर ह्याच्या आधी मी तुमच्या दारात उभा असंन."

"हां," चुलते म्हणले. "आता बोलला भाऊबंद. आणा सुपारी."

पाटावर सुपारी ठेवली. चुलत्यांनी बत्ता घेतला. पैलवानाचा हात. एकच घाव घातला आन् सुपारी फुटायच्या ऐवजी गोळीसारखी उडाली, कपाटाला लागली, टप्पा खाऊन दिवाणाखाली गेली. एकदम गोंधळ. चुलते खाली वाकले, चुलत भाऊ टोप धरून आत शिरला, साहेब मोबाईलचा उजेड पाडत पोटावर झोपला. बाहेर सहा पाय दिसत होते, त्यात दोन गोरे. पोरगी चहाचा ट्रे घेऊन आली आन् हसून हसून तिला ट्रे धरवंना, तो पोरानं धरला.

"घावली!" दिवाणाखालनं चुलत्यांचा आवाज आला. "फुटल्या! बरोबर दोन तुकडे! ठरलं समजा लग्न. आता मला कुणीतरी पायाला धरून बाहेर ओढा."