पेन्सिलीची फुली

बसस्टँडसमोर बसून तो टपरीवाल्यांचे, देऊळघाटहून बांगड्या विकायला येणाऱ्या बायांचे परवान्याचे अन् कर्जाचे अर्ज भरून द्यायचा. सही हवी तिथं पेन्सिलीनं बारीकशी फुली मारायचा आणि बोट ठेवून म्हणायचा, "इथं सही करा." सही झाली की खिशातल्या खोडरबरानं फुली पुसायचा. "फुली राह्यली तं कागद घाण दिसते."

यंदा आमच्या नगरपालिकेनं छोट्या धंदेवाल्यांचं मदत केंद्र चालवायची निविदा काढली. त्यानंही भरली. हे काम त्यालाच मिळावं, असं मला मनातून वाटत होतं.

लिफाफे उघडताना कारकून म्हणून मीच होतो. त्याच्या पानापानावर फुल्या होत्या. सही एकाही पानावर नव्हती. निविदा बाद झाली.

दुसऱ्या दिवशी तो कागद परत न्यायला आला. "काऊन बाद झाली, साहेब?"

मी फुलीवर बोट ठेवलं. त्यानं एकेक पान उलटून पाहिलं.

"मले कोनी म्हनलंच नाही, इथं सही करा म्हनून."

मग खोडरबर काढून तो माझ्या टेबलाशी उभ्यानंच एकेक फुली पुसू लागला. त्याला 'बसा' म्हणायचं मलाही सुचलं नाही.