वांग्याचा वाफा आणि आमचा बॅले

रविवारी वाशीमला आमच्या बॅलेचा पंचवीस वर्षांचा सोहळा झाला. हॉल भरला, टाळ्या झाल्या, पुण्याहून आलेल्या पाहुण्यांनी तोंडभरून कौतुक केलं... आणि त्याच संध्याकाळी मी एका म्हाताऱ्या माणसाच्या तोंडावर खोटं बोलले. हे कुणाला सांगावं असं वाटत नव्हतं. पण सांगितल्याशिवाय राहवत नाहीये.

आमच्या संस्थेत आज बावीस कलाकार महिन्याच्या पगारावर नाचतात. नागपूर, इंदूर, हैदराबाद असे दौरे होतात. वाशीमसारख्या गावात हे कसं काय जमलं, असं लोक विचारतात. म्हणून या सोहळ्यासाठी आम्ही स्मरणिका काढली आणि 'आमची वाटचाल' हा लेख मी लिहिला. संचालक मीच, लेखिकाही मीच... मला विचारणारं कोण होतं?

खरी वाटचाल सुरू झाली कामरगावात. तिथले किसनमामा भाजीपाला पिकवायचे आणि हौसेनं दंडारीत नाचायचे. दंडार म्हणजे आमच्याकडचा गावातला नाच आणि सोंगांचा खेळ. शाळेच्या गॅदरिंगसाठी आम्हा पाच मुलींना नाच बसवून हवा होता, तेव्हा मामांनी आपल्या मळ्यातच आम्हाला उभं केलं. मामी जागा सारवून द्यायच्या, मामा हातानं ठेका धरायचे. पाय चुकला तरी घाई नाही करायची, हे त्यांनी शंभरदा सांगितलं असेल. मी तर चुकले की हमखास भरभर नाचायचे.

पुढे मी पुण्याला जाऊन रीतसर बॅले शिकले, परत आले, वाशीमला हॉल भाड्यानं घेतला. त्या पाचातल्या तिघी माझ्यासोबत आल्या. आजही आमच्या प्रत्येक प्रयोगात मामांची ती तिरपी गिरकी असते, आणि त्या गिरकीलाच सगळ्यात जास्त टाळ्या पडतात.

लेखात मी हे सगळं आधी लिहिलं होतं, बरं का. मग पाहुण्यांची यादी पाहिली आणि 'दंडार' हा शब्द मला एकदम गावठी वाटायला लागला. छापायला देण्याआधी मीच तो परिच्छेद खोडला आणि एक गुळगुळीत वाक्य टाकलं... 'संस्थेची सुरुवात ग्रामीण परिसरातील एका मोकळ्या जागेत झाली.' वर मामांना निमंत्रण पाठवायचंही राहून गेलं. राहून गेलं कसलं, मी राहू दिलं.

तरीही मामा आले. कुणाकडून तरी ऐकलं आणि जीपनं, मग बसनं, या वयात एकटे आले. शेवटच्या रांगेत बसले होते. कार्यक्रम संपल्यावर पिशवीभर वांगी माझ्या हातात दिली आणि स्मरणिका पुढे केली.

"मले वाचून दाखव वं पोरी. माहे डोये आता साथ देत नाही. आमचं कुठी लिहेल हाय?"

त्या क्षणी खरं सांगता आलं असतं. मी पान उघडलं आणि चक्क नसलेलं वाचलं. 'कामरगावचे ज्येष्ठ कलावंत किसनमामा यांनी पहिले धडे दिले'... असली तीन-चार वाक्यं मी एका दमात म्हटली. मामा मान हलवत ऐकत होते. मग म्हणाले, "माह्या नावाखाली रेघ मारून दे. बुढीले दाखवतो."

बुढी म्हणजे मामी, आणि मामी चौथी शिकलेल्या आहेत. रोज पेपर वाचतात. हे मला ठाऊक होतं, तरी मी पेन काढलं आणि 'मोकळ्या जागेत' या शब्दांखाली रेघ मारली. मामांनी पानाची नीट घडी घालून स्मरणिका खिशात ठेवली.

सोमवारी सकाळी कारंजाची बस धरली, तिथून कामरगाव. मामी दारातच होत्या. एरवी मला पाहून बडबड सुरू करणाऱ्या मामींनी गुपचूप चहा ठेवला आणि स्मरणिका माझ्यासमोर आणून टाकली.

"ह्यायचं नाव कवापासून 'मोकळी जागा' झालं वं?"

मला वर बघवेना. मामा बाजेवर बसले होते. मी रडत रडत काहीतरी सांगायला लागले, तर त्यांनी हातानं थांबवलं. "तू वाचून राह्यली होती तवाच समजलं मले. पाय चुकला का तू घाई करतं. लहानपनी बी असंच करत होती. आता हळू वाच. जे लिहेल हाय तेच."

मी वाचलं. एकेक शब्द सुटा सुटा. सबंध लेखात मामा कुठेच नव्हते, आणि ते मला त्यांच्यासमोर शेवटपर्यंत वाचावं लागलं. वाचून झाल्यावर मामांनी स्मरणिका माझ्या हातातून घेतली आणि मिटून बाजेवर ठेवली.

मग म्हणाले, "बाकी जाऊ दे. पन जागा मोकळी नोयती वं. वांगे उभे होते, तोडनीवर आले होते. तुमाले नाचाले जागा पाह्यजे म्हून मी उपटले."

इतकी वर्षं मला वाटत होतं, ती जागा तशीच पडून होती.

स्मरणिका वाटून झाल्या, त्या आता परत घेता येत नाहीत. म्हणून दुरुस्ती इथे लिहिते... आमच्या बॅलेची सुरुवात कामरगावात, किसनमामांच्या वांग्याच्या वाफ्यात, दंडारीच्या ठेक्यावर झाली. जागा मोकळी नव्हती. मामांनी ती आमच्यासाठी मोकळी केली होती.