चुलत्याची बारीक वायर

चुलत्याची विहिरीवरची मोटार त्या हिवाळ्यात दुसऱ्यांदा जळाली, तेव्हा तो आमच्या दारात येऊन माझ्या वडिलांना चोर म्हणाला.

पाथरी तालुक्यातल्या आमच्या गावात दोघा भावांची शेतं लागून. वीज एकाच खांबावरून यायची. वडिलांची विहीर खांबापाशीच. चुलत्याची ओढ्यापलीकडं, पाच-सहाशे फूट लांब. वडिलांची मोटार झोकात चालायची, त्याची नुसती घुरघुरायची आणि तापायची. त्याच्या लेखी याचा अर्थ एकच होता, भाऊ खांबाजवळ बसून आपला करंट ओढून घेतो. दोन्ही घरांचं बोलणं बंद झालं. बांधावर त्यानं बाभळीचे काटे आणून टाकले. आई दिसली की चुलती तोंड फिरवून थुंकायची.

मी तेव्हा पाथरीत बारावी सायन्सला होते. तारेचा रोध मोजायचा प्रयोग नुकताच करून झाला होता. तार लांब घेतली की रोध वाढतो, जाड घेतली की कमी होतो. आकडे लिहिताना मला चुलत्याची वायर आठवली. एवढी लांब, आणि आत तांबं सुतळीएवढंही नाही.

त्याची मोटार वाचावी असं मला मुळीच वाटत नव्हतं. त्याला चार माणसांत खोटं पाडायचं होतं.

तो ठाण्यात तक्रार द्यायला निघाला, त्या सकाळी मी पारापाशी त्याला अडवलं. वडिलांची मोटार बंद ठेवू आणि तुमच्या वायरीवर व्होल्ट मोजू, म्हणाले. पारावरची माणसं ऐकत होती, त्यामुळं त्याला नाही म्हणता आलं नाही.

गावातला वायरमन मीटर घेऊन आला. वडिलांच्या मोटारीचं बटण बंद केलं, चुलत्याची चालू केली. खांबापाशी मीटरनं दोनशे पंचवीस व्होल्ट दाखवले. वायरीच्या मधोमध एक जोड होता, तिथं एकशे सत्त्याण्णव. विहिरीवर एकशे अडुसष्ट. निम्म्या अंतरात निम्मी गळती, उरलेल्यात उरलेली. प्रत्येक आकडा मी चुलत्यालाच मोठ्यानं वाचायला लावला.

मग वायरमननं लाईट बंद करून तसल्याच वायरीचं दुसरं बंडल पहिलीच्या बाजूनं अंथरलं आणि दोन्हींची टोकं एकत्र जोडली. तांबं दुप्पट झालं. मोटार पुन्हा चालू केली तर विहिरीवर दोनशेच्या आसपास आले. मोटारीचा आवाजच बदलला, सगळ्यांनी ऐकला.

"काका, तुमचा करंट तुमच्याच वायरीनं खाल्ला," मी म्हणाले.

"लय शिकलीस. बापाचीच पोरगी हायस तू," एवढंच बोलून तो काट्यांतून वाट काढत निघून गेला.

वडील मात्र तिथंच मोठ्यानं हसले. पुढं कित्येक महिने हॉटेलात चहा पिताना त्यांनी भावाच्या अडाणीपणाची गोष्ट रंगवून सांगितली. ते ऐकताना मला कानकोंडं व्हायचं, पण मी त्यांना एकदाही थांबवलं नाही.

आठवड्याभरात चुलत्यानं जाड केबल टाकली. त्याची मोटार पुन्हा जळाली नाही. भांडण मात्र मिटलं नाही. करंटचं कारण हातातून गेलं, तेव्हा त्यानं बांधाचं धरलं आणि सरकारी मोजणी आणली. मोजणीत काही निघालं नाही, म्हणून सामाईक वाटेचं धरलं. माझ्या लग्नादिवशी चुलत्याचं सगळं घर दाराला कुलूप लावून सोनपेठला निघून गेलं.

मागच्या वर्षी पाथरीच्या स्टँडवर तो दिसला. म्हातारा झालाय. मी काका म्हणून हाक मारली. त्यानं माझ्याकडं पाहिलं, ओळखलं आणि समोर लागलेल्या गाडीत चढून बसला. मीही दुसरी हाक मारली नाही.