म्हैस आटली की समुद्राला

आमच्या घरी समुद्राला जायचं ठरवायचं असेल तर कॅलेंडर बघून चालत नाही, म्हशीकडे बघावं लागतं. लातूरच्या खोलीत मी हे सांगितलं तेव्हा बरोबरची मुलं हसली. मीही हसलो. पण ते खरं आहे.

आमचं गाव हदगाव तालुक्यात. कापूस, सोयाबीन आणि दावणीला एक म्हैस. ती आईशिवाय दुसऱ्या कुणाच्या हाताला पान्हा सोडत नाही. मी शाळेत असताना मावशीच्या घरी लग्न होतं आणि आई मुक्कामाला गेली होती. म्हैस वासाला फसते असं कुणीतरी वडिलांना सांगितलं. म्हणून ते आईची रोजची साडी अंगाभोवती गुंडाळून, डोक्यावर पदर ओढून धार काढायला बसले. म्हशीनं मान वळवून नीट वास घेतला आणि बादलीला लाथ मारली. वडील पदर सावरत उठले तेव्हा शेजारच्या काकू कुंपणावरून म्हणाल्या, "काय वैनी, आज मिशा लई वाढल्या?" पुढची कित्येक वर्षं वडिलांना हे ऐकावं लागलं. आई मात्र अक्षता पडल्या तशी जेवायला न थांबता परत आली. त्यानंतर ती रात्रीची कुठे राहिल्याचं मला आठवत नाही. म्हैस आटते, म्हणजे विण्याआधी दूध द्यायची बंद होते, तेव्हाचे महिना-दोन महिने तेवढे आईला मोकळे. पण तेही दरवेळी शेतातच गेले.

आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. लातूरला खोलीवर राहणारी बाकीची मुलं सुट्टीनंतर परत आली की कोकणाबद्दल बोलत. कुणाला आंजर्ले आवडलेलं, कुणाला मुरूड. एकानं मला विचारलं, "तुझा आवडता बीच कुठला रे?" मी म्हणालो, मी समुद्र बघितलेला नाही. तो वाईट मुलगा नव्हता. तो फक्त "अच्छा" म्हणाला आणि दुसऱ्याशी बोलायला लागला. त्या संध्याकाळी मी मोबाईलवर किनाऱ्यांची नावं शोधत बसलो. दिवेआगर, वेळास, केळशी, गुहागर. गावांची नावं वाचूनही बरं वाटत होतं.

दुसऱ्या वर्षी भूगोल विभागाची सहल कोकणात निघाली. आईला फोन केला तर ती म्हणाली, "जाऊन ये. नीट बघून ये. माझ्या गुडघ्यांना जमंल अशी जागा हाय का ते बघ. म्हैस आटली की मी येते."

हे ती सहज बोलली. पण आईनं माझ्याकडे स्वतःसाठी काही मागितलं ते पहिल्यांदाच. त्यामुळे सहलीत सगळे समुद्र बघत होते आणि मी वाटा बघत होतो.

दिवेआगरला बसमधून उतरल्या उतरल्या मुलं ओरडत पाण्याकडे पळाली. मी चपला काढून पाण्याच्या काठाशी ठेवल्या, पैनगंगेवर ठेवतो तशा. नदीचा काठ सकाळी असतो तिथेच संध्याकाळी असतो. फिरून परत आलो तर काठ वर सरकलेला आणि चपला नाहीत. एकटाच हसलो. हसून झाल्यावर आजूबाजूला बघितलं, पण सांगायला जवळ कुणी नव्हतं. मुलं घोळक्यानं फोटो काढत होती. मी आईला व्हिडिओ कॉल लावला.

"काय करून राहिला?"

"आई, हे बघ, समुद्र."

पडद्यावर एकदम अंधार झाला. तिनं मोबाईल मांडीवर उलटा ठेवला होता. "मोबाईलात नको दाखवू. आल्यावर बघीन. आधी सगळा बघून टाकल्यावर मग तिथं येऊन काय करू?"

मग मी तिला चपलांचं सांगितलं. तिनं विचारलं, पाणी खरंच आपोआप पुढं येतं का. मी म्हणालो, हाव, आणि परत मागंही जातं. "मग त्याला सांगून ठेव," ती म्हणाली, "माझ्या चपला न्हाई देणार."

दिवेआगरचा किनारा मला आवडला, पण तिथली वाळू मऊ आणि पाणी लांब. पाय रुततात. हरिहरेश्वरला देवाचं दर्शन झालं असतं, पण प्रदक्षिणेच्या वाटेला पायऱ्या फार. गुहागरला एसटी स्टँडपासून समुद्र अगदी जवळ, ते मनात ठेवलं. केळशीला आम्ही जाणार होतो, पण बस वाटेत बंद पडली आणि ते राहिलं. सर म्हणाले, "खरं शांत गाव ते होतं. एसटी गावात जाते, घरात राहायची सोय आहे, मागे सुरूचं बन आणि बनाच्या पलीकडे समुद्र." सुरूची सावली आहे म्हटल्यावर आई बसू शकेल, असं मला वाटलं. मी केळशी ठरवून टाकलं.

तिसऱ्या वर्षाची परीक्षा झाली आणि म्हैस आटली. दोन्ही गोष्टी पहिल्यांदाच जुळून आल्या. पुढच्या शिक्षणाच्या प्रवेश परीक्षेसाठी मला पुण्याला जायचं होतं. मामा पुण्यात कामाला आहे, तो सुट्टी संपवून परतताना आईला घेऊन येणार आणि तिथून आम्ही दोघं एसटीनं दापोलीमार्गे केळशीला जाणार. खोली फोनवरून सांगून ठेवली. आईनं नवीन चपला घेतल्या. फोनवर म्हणाली, "ह्या काढायच्याच न्हाईत."

ठरल्या दिवशी सकाळी मी पुण्याच्या स्टँडवर उभा होतो. नांदेडच्या गाडीतून मामा उतरला. त्याच्यामागे एक माणूस उतरला, मग एक बाई लेकराला घेऊन उतरली. मग कुणी उतरलं नाही. मामानं पिशवी माझ्या हातात दिली. तिच्यात धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी होती, दोघांना पुरतील एवढे. "म्हैस व्याली बाबा," तो म्हणाला. "अजून पंधरा दिवस हायेत म्हणत होते, पण काल दुपारीच व्याली. तुला फोन करू दिला न्हाई तिनं. आज त्याचा पेपर हाय म्हणली."

मी फोन लावला. आई फार खूश होती. "रेडी झाली रे! काळीभोर, कपाळावर चांद." रेडी झाली म्हणजे घरात पुढची म्हैस आली. त्यावर रुसायचं कसं? मी म्हणालो, "मी घरी येतो."

"इथं येऊन काय करतो? खोली सांगितली ना? जा. चार दिवस मोकळा राहा." मग म्हणाली, "फक्त तिथला समुद्र बघू नको. तो आपल्या दोघांचा ठेव."

मी म्हणालो, "हाव."

केळशीला पोहोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. घर कौलारू, अंगणात सुपारीची झाडं. घरच्या आजींनी दोन तांबे भरून ठेवले होते. मला एकट्याला बघून त्यांनी एक तांबा आत नेला, काही विचारलं नाही. म्हणाल्या, "चहा घे आणि जाऊन ये हो. समुद्र मागेच आहे."

मागून आवाज येत होता. मी चहा घेतला आणि उलट्या बाजूला, देवळाकडे गेलो. दुसऱ्या दिवशी बाजार बघितला, पारावर बसलो, परत येऊन झोपलो. कुणी जोडीनं, कुणी मुलांना घेऊन, ओल्या कपड्यांनी समोरून जात. वाळूचे पाय रस्त्यावर उमटत. लातूरमध्ये एकटं वाटलं तर पुस्तक उघडता येतं. इथे आपण कशाला आलोय हेच माझं मला नीट सांगता येत नव्हतं. एकदा सुरूच्या बनाच्या तोंडाशी गेलो. खाली बघत होतो. वाट पायाखाली टणक होती, सुरूच्या वाळलेल्या काड्यांनी भरलेली. ही आईला जमेल, एवढं बघितलं आणि फिरलो.

संध्याकाळी आजींनी आंबोळ्या वाढताना विचारलंच. "पाण्याला भितोस काय रे?"

"नाही."

"मग? लोक मुंबई-पुण्याहून येतात नि बॅगा टाकून धावतात. तू दोन दिवस देवळात बसून आहेस. परीक्षेत नापास-बिपास झालास काय?"

मी सगळं सांगितलं, म्हशीपासून. वडिलांच्या साडीपाशी त्या हसल्या. शेवटी हसल्या नाहीत. माझ्या पानात आणखी एक आंबोळी टाकून म्हणाल्या, "खाली बसायला तिला त्रास होत असेल ना? येईल तेव्हा आमची खुर्ची ने बनात. प्लास्टिकची आहे, हलकी."

जेवण झाल्यावर अंगणात येऊन आईला फोन केला. मागे भांड्यांचा आवाज होता. तिनं रेडीचं सांगितलं, ती उड्या मारायला लागली होती. वडिलांनी खरवस मामीकडेही पोचवला होता. मग विचारलं, "कसा हाय समुद्र?"

"बघितला न्हाई."

"म्हणजे?"

"तू म्हणली होतीस ना."

"अरे येड्या," ती म्हणाली, "मी गमतीनं म्हणलं होतं. दोन दिवस तसाच बसला?"

"हाव."

मला वाटलं, ती आता जा म्हणेल. मी चपला पायात सरकवल्यासुद्धा. बनाकडे अजून थोडा उजेड होता.

"आवाज येतो का तिथवर?" तिनं विचारलं.

"येतो."

"कसा?"

मी नीट ऐकलं. "पिकल्या ज्वारीतनं वारं जातं ना, तसा. थांबतो, आणि परत येतो."

"असा व्हय," आई म्हणाली. तिचा आवाज हळू झाला होता. "मग ऱ्हाऊ दे. जाऊ नको."

मी चपला काढल्या आणि पायरीवर बसलो. फोन चालूच होता. तिकडे तिनं म्हशीला हाक मारली आणि वैरण टाकल्याची सळसळ झाली.