खळं रिकामं असताना

२०१७ साल. आधारकार्डावर मी एकाहत्तर वर्षांचा. खरं वय आईला ठाऊक होतं, ती गेली. शाळा तिसरीत सुटली, पण लिहायला येतं. लिहितोय ते राग अजून गेलेला नाही म्हणून.

माझी नात बी.ए.ला होती. कॉलेजचं नाव मुद्दाम घेत नाही. आमच्या पाड्यावरून तलासरीपर्यंत जीप, पुढे एसटी. पहिलं वर्षभर पोरीने वर्गात तोंड उघडलं नाही. दुसऱ्या वर्षाला, म्हणजे आदल्या जूनमध्ये, मराठी साहित्य शिकवायला नवे सर आले. त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं, तुमच्या घरी सगळ्यांत जास्त गोष्टी कोणाला येतात? ही उभी राहिली नि म्हणाली, माझ्या आजाला. घरी येऊन सांगितलं तेव्हा मी तिलाच ओरडलो. माझं नाव तिथे कशाला?

रविवारी सर मोटारसायकलवर दारात हजर. "बाबा, भात माणसाकडे कसं आलं ती गोष्ट ऐकायचीय."

ही गोष्ट आमच्यात खळ्यावरच सांगतात, झोडलेल्या नव्या भाताची रास समोर असताना. एरवी तोंडातून काढली तर धान्य रुसतं. म्हटलं, "रास पडेल तेव्हा या." वाटलं, शिकलेला माणूस, हसेल नि जाईल.

कार्तिकात ते आले. कोणी न सांगता चपला खळ्याबाहेर काढल्या. मांडी घालता येत नव्हती, सारखे पाय बदलत होते. मोबाइल खिशातून काढला नाही. दिवस बुडेपर्यंत बसले.

"लिहून घेऊ का?"

"नको."

"बरं."

दुसऱ्या दिवशी वर्गात म्हणाले, "काल मी एक गोष्ट ऐकली. ती इथे सांगणार नाही. ज्याला हवी त्याने खळ्यावर जावं. आणि पुस्तकापुढेही असंच बसायचं, पाय दुखले तरी." नातीने हे मला उभं राहून, हातवारे करून सांगितलं. तेव्हापासून ती चुलीपाशी पुस्तक मोठ्याने वाचायला लागली. मला कळलं नाही की मी अडवायचो, ती समजवायची, कधी माझ्याशी भांडायची. असा मास्तर मला तिसरीत मिळाला असता तर... जाऊ दे.

माघात कॉलेजचं गॅदरिंग होतं. दोन दिवस आधी सकाळी ऑफिसातला एक माणूस गाडी घेऊन आला, हातात छापील पत्रिका. त्यात माझं नाव आणि पुढे 'भाताची गोष्ट, पाच मिनिटे'. मला न विचारता छापून मोकळे!

"परवा गाडी पाठवतो, आजोबा. आणि ते... लंगोटी आहे ना घरात? ओरिजनल वाटतं. मुंबईहून संस्थेचे पाहुणे येतायत."

मी पॅन्ट-शर्टात उभा होतो. "तुझा बाप घालतो का लंगोटी गॅदरिंगला?"

तो हसला. "चिडता काय? सरांच्याच भल्याचं आहे. ते कायम नाहीत, तासांवर आहेत. पाहुणे खूश झाले तर पुढच्या वर्षीची ऑर्डर निघेल. नाहीतर काय, तुम्हीच बघा."

गाडी गेली नि नात रडायला लागली. "आजा, पाच मिनिटं तर आहेत."

"रास कुठंय? गोष्ट कोणाला सांगू, माइकला?"

"मग सरांचं काय? ते गेले तर मी पण नाही जायची."

मी तांब्या आपटला. आमच्या धान्याला आणि आमच्या मास्तरला एकाच दाव्याने बांधून ठेवलं होतं त्या लोकांनी, आणि वर हसत होते.

संध्याकाळी सर स्वतः आले. उंबऱ्यातूनच म्हणाले, "बाबा, तुम्ही येऊ नका. मी त्यांना नाही म्हणून सांगितलंय."

माझं डोकंच फिरलं. "मला येऊ नका सांगणारे तुम्ही कोण? गोष्ट माझी. नाही म्हणायचं तर मी म्हणेन!"

"माझ्यामुळे तुम्हाला त्रास नको."

"नोकरी जाईल ना?"

"जाईल कदाचित. दुसरीकडे तास मिळतील मला."

"आणि हिला?" मी नातीकडे बोट केलं.

सर आत येऊन टेकले. कोरा चहा घेतला नि गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी इस्त्रीचा शर्ट घातला आणि पहिल्या जीपने निघालो. प्रिन्सिपॉलच्या खोलीला कुलूप होतं. शिपाई म्हणाला, "साहेब अकराला येतात. काय काम?"

"पत्रिका परत द्यायचीय. आणि त्या पाहुण्यांना माझं बोलावणं आहे, कार्तिकात खळ्यावर या. पण आणायचं याच सरांनी. दुसरा कोणी घेऊन आला तर मी तोंड उघडणार नाही."

"हे मला काय सांगता, काका?"

"तुला कोण सांगतंय?" म्हटलं, आणि त्याचंच स्टूल ओढून बरोबर दाराच्या मधोमध बसलो.